‘दिवसाला पाचच ओढतो, सवय आहे फक्त’ – मग व्यसन आहे की नाही हे ठरवतात कसं?

कोपरीच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं. मिस्टर ४१ वर्षांचे, ऑफिस ऐरोलीला. दिवसाला पाच सिगरेटी, फार तर सहा. घरात ओढत नाहीत, मुलीसमोर तर कधीच नाही. पहिली सकाळी सव्वाआठला स्टेशनजवळच्या टपरीवर, चहाबरोबर. दोनदा सोडून बघितली, एकदा अकरा दिवस टिकली, एकदा चार. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. मे महिन्यात ताईंच्या माहेरी साताऱ्याला तीन दिवस सिगरेटशिवाय राहिले तर दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांशी पंख्यावरून वाजलं. आणि विषय काढला की एकच उत्तर, ‘व्यसन नाहीये मला, सवय आहे, लोक वीस-वीस ओढतात.’ ताईंचा प्रश्न असा की व्यसन आहे हे तुम्ही लोक कशावरून ठरवता, रक्ताची टेस्ट असते का, की आकड्यावरून ठरतं?

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, नौपाड्यात क्लिनिक आहे आणि तंबाखू सोडवायचं काम वीसेक वर्षं करतेय. तुमच्या मिस्टरांना मी बघितलेलं नाही त्यामुळे त्यांचं निदान इथे करणार नाही, पण निदान करतात कसं ते नीट सांगते, बरंचसं तुम्हाला आपोआप कळेल.

आधी ते ‘सवय’ प्रकरण घेते, कारण ते वाक्य तुमच्या मिस्टरांनी शोधलेलं नाही, एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञही तेच म्हणायचे. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यप्रमुख डॉक्टरांचा, जो गाजलेला रिपोर्ट आला, ज्यात सिगरेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे सरकारने पहिल्यांदा ठणकावून सांगितलं, त्याच रिपोर्टात तंबाखूला व्यसन न म्हणता सवयच म्हटलं होतं. मग १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात, ज्याला आम्ही डीएसएम म्हणतो, तंबाखूचं अवलंबित्व हे निदान म्हणून आलं आणि १९८८ साली सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या रिपोर्टाने स्पष्ट लिहिलं की निकोटिन व्यसन लावतं आणि ते ज्या पद्धतीने लावतं ती हेरॉइन-कोकेनसारखीच आहे. तरी १९९४ मध्ये सात सिगरेट कंपन्यांचे मोठे साहेब अमेरिकन संसदेच्या समितीसमोर शपथेवर बसून सांगत होते की आमच्या मते निकोटिनचं व्यसन लागत नाही. म्हणजे ‘सवय आहे हो’ हे वाक्य वरवर साधं वाटतं पण त्याच्यामागे बराच पैसा आणि बराच काळ उभा आहे, मिस्टरांवर रागवायचं कारण नाही.

आता सवय आणि व्यसन यात फरक काय. मी पेशंटला सांगते की सवय मोडली तर चुकल्यासारखं वाटतं, व्यसन मोडलं तर शरीर तक्रार करतं. रोज जेवणानंतर बडीशेप खाणाऱ्याला एक दिवस बडीशेप मिळाली नाही तर तो सासऱ्यांशी भांडत नाही.

शरीर तक्रार का करतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, शिरेतून इंजेक्शन दिलं तरी एवढ्या लवकर पोचत नाही. तिथे काही ठरावीक रिसेप्टर असतात, कुलपासारखे समजा, निकोटिनची किल्ली त्यात बसते आणि डोपामिन सुटतं, बरं वाटतं. रोज किल्ली फिरत राहिली की मेंदू कुलपांची संख्याच वाढवतो. मग ती सगळी रिकामी राहिली की ओरडायला लागतात, ती ओरड म्हणजे तलफ. निकोटिन रक्तात साधारण दोन तासांत निम्मं होतं, रात्रीची झोप झाली की जवळजवळ संपलेलं असतं, म्हणून सकाळची पहिली सिगरेट सगळ्यात ‘लागते’. लोक म्हणतात सकाळी एक ओढली की फ्रेश वाटतं. खरं म्हणजे रात्रभराचा तुटवडा भरून निघालेला असतो, न ओढणारा माणूस तसाच उठतो त्या पातळीला हा माणूस सिगरेट ओढून पोचतो.

म्हणून आम्ही विचारतो ‘उठल्यावर किती वेळात?’, ‘किती ओढता?’ त्याच्यानंतर. कार्ल फागरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रश्नावली केली, १९९१ मध्ये ती सुधारून सहा प्रश्नांची झाली आणि आजही जगभर तीच वापरतात. एकूण दहा मार्क. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली ओढली तर ३, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १, त्यानंतर शून्य. दिवसाला दहापर्यंत शून्य, वीसपर्यंत १, तीसपर्यंत २, त्याच्या वर ३. बाकी चार प्रश्न एकेका मार्काचे : जिथे मनाई आहे तिथे ओढल्याशिवाय राहणं जड जातं का, कुठली सिगरेट सोडणं सगळ्यात कठीण वाटतं (सकाळची म्हटलं तर १), सकाळच्या तासांत बाकी दिवसापेक्षा जास्त ओढता का, आणि आजारी पडून अंथरुणात असतानाही ओढता का. शून्य ते दोन अगदी कमी अवलंबित्व, तीन-चार कमी, पाच मध्यम, सहा-सात जास्त, आठपासून पुढे खूपच जास्त. घाईच्या ओपीडीत पहिले दोनच प्रश्न विचारले तरी बऱ्यापैकी अंदाज येतो.

आता ताई, तुमच्या मिस्टरांना ही टेस्ट लावली तर काय येईल? पहिली सिगरेट सव्वाआठला, ते साडेसहाला उठत असतील तर शून्य. पाच सिगरेटी, पुन्हा शून्य. सकाळची सोडवत नाही म्हणाले तर एक. म्हणजे दहापैकी एक किंवा दोन. ते कागद तुमच्यासमोर धरतील आणि म्हणतील बघ, डॉक्टरांच्या टेस्टमध्येसुद्धा काही नाही.

इथेच मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरवातीच्या वर्षांत वागळे इस्टेटचे एक रिक्षावाले काका आले होते, दिवसाला पाच-सहा विड्या. मी आकडा ऐकला, मार्क मोजले आणि म्हटलं काका तुमचं तर काहीच नाही, मनावर घ्या, सुटेल. त्यांनी खरंच मनावर घेतलं, तिसऱ्या दिवशी हरले, आणि डॉक्टर म्हणतात सोपं आहे आणि मला तेही जमत नाही म्हणजे मीच नालायक असं समजून दोन वर्षं आलेच नाहीत. नंतर बायको घेऊन आली तेव्हा हे कळलं. बरं, विडीत तंबाखू कमी दिसतो पण धूर जबरदस्त असतो, पानाची विडी विझू नये म्हणून जोरात आणि सारखं ओढावं लागतं, त्यामुळे विडीचा आकडा सिगरेटच्या तराजूत मोजायचाच नसतो, हेही मी तेव्हा धरलं नव्हतं.

आकडा फसवा का असतो ते बघा. माणूस किती ओढतो हे त्याच्या मेंदूइतकंच त्याच्या दिवसावर अवलंबून असतं. लोकलमध्ये ओढता येत नाही, स्टेशनवर दंड आहे, ऑफिसच्या कॅम्पसमध्ये बंदी, ओढायचं तर गेटबाहेर टपरीपर्यंत चालत जावं लागतं, घरी मुलगी आहे. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, फार चांगलं झालं, पण त्यामुळे पाच हा आकडा त्यांच्या गरजेचा आहे की दिवसभरात मिळणाऱ्या संधीचा हे नुसतं ऐकून कळत नाही. शिवाय कमी ओढणारे अनेक जण खोल झुरके घेतात, धूर धरून ठेवतात, फिल्टरपर्यंत ओढतात. एका सिगरेटमधून साधारण एक-दीड मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जातं पण ओढण्याच्या पद्धतीने ते बरंच वाढवता येतं, आणि हे माणूस ठरवून करत नाही, शरीर आपोआप आपला कोटा भरून घेतं.

म्हणून मी अशा पेशंटला वेगळे प्रश्न विचारते. मित्रांबरोबर अलिबागला, गोव्याला जाता, खोलीत बायको-मुलं नसतात, तेव्हा उठल्यावर किती वेळात पेटवता? घरी पावणेदोन तास थांबणारा माणूस तिथे चहा यायच्या आधी गॅलरीत उभा असतो असं बऱ्याचदा निघतं, तेव्हा तो खरा मार्क. रविवारी काय करता? रविवारी दूध आणायला, मग कोथिंबीर राहिली म्हणून, मग गाडीत हवा भरायला असं किती वेळा खाली जाता? शेवटची सिगरेट संपत आली आणि दुकानं बंद होणार असतील तर काय करता, पावसात उतरता का? सकाळी ओढल्याशिवाय पोट साफ होतं का? शेवटचा प्रश्न ऐकून पुरुष मंडळी हसतात आणि मग खरं बोलतात. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं, त्यामुळे कित्येक जण केवळ तेवढ्यासाठी पुन्हा चालू करतात आणि लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत.

कमी ओढणाऱ्यांसाठी आणि विशेषतः कॉलेजच्या पोरांसाठी अजून एक प्रश्नावली आहे, जोसेफ डिफ्रान्झा यांच्या टीमने केलेली, दहा प्रश्न, फक्त हो किंवा नाही. सोडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही असं झालंय का, तीव्र तलफ येते का, ओढली नाही की चिडचिड होते का, लक्ष लागत नाही का, अशा धर्तीचे. त्यात एकाही प्रश्नाला हो आलं तरी त्याचा अर्थ काही प्रमाणात ताबा सुटलाय असा धरतात. मला ही पद्धत आवडते कारण ती थेट मुद्द्याला हात घालते, सोडायचं म्हटलं तर सोडता येतं का.

अधिकृत निदान मात्र या मार्कांवर होत नाही, हे बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात नसतं. मार्क तीव्रता सांगतात. निदानासाठी दोन मोठी पुस्तकं आहेत, जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी आणि अमेरिकेचं डीएसएम. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये निदानाच्या नावात व्यसन हा शब्दच नाही, तंबाखू वापराचा विकार म्हणतात आणि अकरा लक्षणं देतात. ठरवलं त्यापेक्षा जास्त ओढली जाणं, सोडायची इच्छा असून न जमणं, मिळवण्यात-ओढण्यात बराच वेळ जाणं, तलफ, कामात-घरात जबाबदाऱ्या चुकणं, त्यावरून नात्यांत खटके उडूनही चालू ठेवणं, त्यापायी कार्यक्रम-खेळ-भेटीगाठी टाळणं, अंथरुणात ओढण्यासारख्या धोक्याच्या ठिकाणी ओढणं, तब्येतीला त्रास होतोय हे माहीत असून ओढणं, तेवढ्याच सिगरेटी आता पुरेनाशा होणं, आणि बंद केल्यावर होणारा त्रास. एका वर्षाच्या आत यातली दोन असली की निदान होतं. दोन-तीन म्हणजे सौम्य, चार-पाच मध्यम, सहा आणि वर तीव्र. किती सिगरेटी हा प्रश्न त्या अकरांत कुठेच नाही. आयसीडीच्या जुन्या दहाव्या आवृत्तीत सहापैकी तीन लक्षणं लागतात, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्यात तीनच खांब ठेवलेत : ताबा सुटणं, बाकी गोष्टींपेक्षा सिगरेटला जास्त महत्त्व येत जाणं, आणि शरीराची लक्षणं. तीनपैकी दोन. तिथेही आकडा नाही.

आता ताई, तुम्ही लिहिलेलंच परत वाचा. दोनदा सोडायचा प्रयत्न फसला. यावरून घरात वाद आहेत आणि तरी चालू आहे. ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, तरी चालू आहे. सव्वाआठची सिगरेट ही तलफ आहे का ते त्यांना विचारावं लागेल, सासऱ्यांशी वाजलं तो बंद केल्याचा त्रास होता का तेही. पण त्या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या तरी मोजून बघा किती होतात. फागरस्ट्रॉममध्ये एक मार्क मिळवणारा माणूस डीएसएममध्ये सौम्य किंवा मध्यम निघू शकतो आणि यात विरोधाभास नाही, दोन्ही साधनं वेगळं मोजतात.

बंद केल्याचा त्रास म्हणजे काय हेही ठरलेलं आहे, वाटेल ते त्यात धरत नाहीत. चिडचिड किंवा राग, अस्वस्थपणा, चिंता, लक्ष न लागणं, भूक वाढणं, मन उदास होणं, झोप न येणं, या सातांपैकी चार, आणि तेही बंद केल्यापासून चोवीस तासांच्या आत सुरू झालेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोर असतो, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तुमच्याकडे साताऱ्याला दुसऱ्याच दिवशी भांडण झालं ही तारीख मला महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा अकरा दिवस टिकले होते ना, म्हणजे सगळ्यात कठीण भाग त्यांनी पार केला होता, त्याचं कौतुक झालं पाहिजे होतं. नंतर कशामुळे पेटवली ते विचारा, बहुतेक वेळा तेव्हा शरीराची ओरड कमी झालेली असते आणि टपरी, मित्र, चहा, ऑफिसातलं टेन्शन यांनी घात केलेला असतो.

श्रावणाचा मुद्दा येणारच म्हणून तोही सांगते. ‘मी श्रावण कडक पाळतो, महिनाभर हात लावत नाही, मग व्यसन कसं?’ हे मी दर वर्षी ऐकते. महिनाभर थांबता येणं ही ताकद आहे, ती खरी आहे, पण निदान त्यावर खोडलं जात नाही. मी विचारते पहिले तीन दिवस कसे गेले, घरच्यांना विचारलं तर काय सांगतील, आणि पिठोरी अमावस्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं. अमावस्येची वाट बघत महिना काढणं आणि विसरून जाणं यात फरक आहे.

आता टेस्टचं. हो, टेस्ट आहेत, पण त्या व्यसन दाखवत नाहीत, धूर किंवा निकोटिन गेलं का ते दाखवतात. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं मशीन असतं, फुंकर मारायची, दहा पीपीएमच्या आसपास किंवा वर आकडा आला तर गेल्या काही तासांत धूर गेलाय, पण हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो त्यामुळे आदल्या दिवशीचं कळत नाही आणि तंबाखू चघळणाऱ्यात तर दिसतच नाही. दुसरी कोटिनिनची, शरीर निकोटिनचं जे बनवतं ते, लघवीत, लाळेत किंवा रक्तात मोजतात, ते निम्मं व्हायला सोळा-अठरा तास लागतात म्हणून दोन-तीन दिवसांपूर्वीचंही सापडू शकतं. पण निकोटिनची च्युइंगगम खाणाऱ्यातही ते येतं. त्यामुळे मिस्टरांना न सांगता लघवी तपासायचा विचार मनात आला असेल तर कृपा करून करू नका, त्यातून निदान होणार नाही आणि विश्वास मात्र जाईल. मी श्वासाचं मशीन वापरते ते वेगळ्याच कारणासाठी, बंद केल्यावर दोन दिवसांनी आकडा दोन-तीनवर आलेला बघून माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या कुठल्याच भाषणाने येत नाही.

एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी, कमी ओढणारे सगळेच व्यसनी असतात असं नाही. अमेरिकेत सॉल शिफमन यांनी अशा लोकांचा अभ्यास केला जे वर्षानुवर्षं दिवसाला पाचच्या आत ओढतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत बंद केल्याचा त्रास दिसला नाही. असे लोक असतात, मलाही भेटलेत. पण ते दोनदा सोडून दोनदा हरत नाहीत. आणि अवलंबित्व नसलं म्हणजे धोका नाही असंही नाही, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना रोजच्या एक-दोन सिगरेटीसुद्धा चांगल्याच बाधतात, ब्लडप्रेशरवाल्याने तर हे दोन प्रश्न वेगळेच ठेवावेत.

अजून एक विचारायचं राहतं आणि आपल्याकडे ते विचारलंच पाहिजे : सिगरेट सोडून दुसरं काही? २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे जेमतेम ३.८ टक्के निघाले पण कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे २६.६ टक्के. म्हणजे खरा ढीग मळलेल्या तंबाखूचा, मावा-मिश्रीचा. तुर्भ्याच्या मार्केटमधले एक माथाडी दादा मला सांगत होते दिवसाला दोनच विड्या, आणि बोलताना गालात तंबाखूची गोळी होती. दोन्ही मिळून निकोटिन मोजायचं असतं. तरुण पोरांत आता वेप, म्हणजे ई-सिगरेट, २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे तरी मिळतं, आणि त्यात मोजायला ना सिगरेट ना पाकीट, त्यामुळे ‘किती’ या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही.

निदान झालं की काय, तर उपाय त्यावर ठरतो, नाव ठेवायला निदान करत नाहीत. उठल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्याला निकोटिन गम जास्त पॉवरचा लागतो, उशिरा ओढणाऱ्याला २ मिलिग्रॅमचा पुरतो, पॅच आहेत, व्हॅरेनिक्लिन-बुप्रोपिऑनसारख्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टर बघूनच देतात. फुकट मदत हवी तर राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, मराठीतही बोलतात, हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण तुमचे मिस्टर टपरीवर सुटी सिगरेट घेत असतील तर त्यांनी तो कधी बघितलाच नसेल. आपल्या राज्यात २०२० मध्ये सुट्या सिगरेटच्या विक्रीवर बंदी आली त्यातलं एक कारण हेच की इशारा पाकिटावर असतो, सिगरेटवर नाही, पण टपरीवर काय चालतं ते तुम्ही बघताच.

त्यांच्याशी बोलताना ‘तुम्हाला व्यसन आहे’ असं सुरू करू नका, तिथेच संवाद संपतो. रविवारी सकाळी नाश्ता झाला की शांतपणे विचारा, त्या अकराव्या दिवशी नेमकं काय झालं होतं? आणि ते बोलायला लागले की मध्ये काही बोलू नका. यायचं ठरलं तर सोबत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी आणा, आणि त्याआधी एक आठवडा त्यांना प्रत्येक सिगरेटची वेळ मोबाईलमध्ये लिहायला सांगा, कमी करायला अजिबात सांगू नका, फक्त वेळ लिहायची आणि तेव्हा काय चाललं होतं ते.